भोकावरून बंदूक

लिहायचं नव्हतं मला, आधीच सांगून ठेवतो. आमच्या ऑफिसातली ऋचा, इथं दुबईतच जन्मलेली पोर. मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम तिच्या गळ्यात पडलं आणि तिनं ते माझ्या गळ्यात टाकलं. "तात्या, यू हॅव सो मेनी स्टोरीज!" असतील. कोपऱ्यात केर साठतो तशा गोष्टी साठतात. म्हणून केर कुणी छापतं का? मी चौथी शिकलो, तीही मास्तर कंटाळले म्हणून. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं. कुणाला काही झोंबलं तर मला येऊन सांगा, तिला नको.

तर, रास अल खोरला आमचं वर्कशॉप आहे. या देशात बंदुकीनं शिकार चालत नाही. मग हौशी लोक परवाने काढून आफ्रिकेत जातात, कुठल्या कुठल्या बर्फाच्या डोंगरात जातात आणि मारलेल्या जनावराचं कातडं-शिंगं मिठात घालून, कागदपत्रांसकट आमच्याकडं पाठवतात. आम्ही कातडं फोमच्या साच्यावर चढवतो, काचेचे डोळे बसवतो. जिवंतपणी दिसलं नसेल एवढं रुबाबदार जनावर मग भिंतीवर दिसतं.

माझं काम गोळीची भोकं शिवायचं. कोल्हापुरात चपला शिवल्या, इथं हरणं शिवतो. दाभण तेच.

लोक विचारतात, "तात्या, कुठल्या जनावराला कुठली रायफल न्यायची?" मला काय ठाऊक! मी जन्मात एक उंदीर मारला, तोही चपलेनं. गोळ्यांचे आकडे पाठ आहेत ते लोपीसला. फ्रान्सिस लोपीस, आमचा मॅनेजर, वसईचा. ससा ते हत्ती, कुणाला कुठली गोळी, असा तक्ता त्यानं भिंतीवर लावलाय. मारलेलं त्यानंही काही नाही. मला कळतं ते एवढंच: आकडा मोठा, तर भोक मोठं. भोकात करंगळी गेली तर छोटी रायफल. अंगठा गेला तर मधली. मूठ गेली तर गिऱ्हाईक गाढव!

*

गाढवापासूनच सुरू करतो.

दुबई मरीनात राहणारा एक तरुण, गॉगल डोक्यावर. पहिलीच शिकार. आफ्रिकेत सशाएवढं एक हरिण असतं, डिकडिक म्हणतात, ते मारून आला. "अंकल, फुल बॉडी माउंट पाहिजे. उभं, लाइफ-साइझ."

मी डबा उघडला. चार पाय होते, दोन कान होते. मधे मीठ.

"कशानं मारलंत?" लोपीसनं विचारलं.

"थ्री-सेवंटी-फाइव्ह! सेल्समन म्हणाला, अख्ख्या आफ्रिकेला एकच रायफल पुरते."

लोपीसचा चेहरा पडला. ती रायफल रेड्याची.

पोरगं मला म्हणतं, "अंकल, यू कॅन मॅनेज, ना?"

म्हटलं, "करतो की. बाकीचं हरिण कधी आणताय?"

*

दुसरा याच्या उलट. शारजाचा एक कॉन्ट्रॅक्टर, पोट पुढं. रानरेड्याच्या शिकारीला गेला आणि बंदूक नेली मधली, हरणाची. कारण काय, तर मोठी खांद्याला लागते!

कातडं टेबलावर पसरलं. अंगठ्याएवढी सहा भोकं, सगळी मागच्या बाजूला. आणि छातीवर नीट मधोमध एक मुठीएवढं.

लोपीस आदबीनं म्हणाला, "सर, दोन रायफली दिसतात."

"हो, गाईडनंही मारल्या."

"कुठल्या?"

"त्या मागच्या सहा," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "छातीतली माझी!"

लोपीसनं मान डोलावली. गिऱ्हाईकासमोर तो नेहमीच डोलावतो.  कातड्याची घडी उलगडताना आत डाव्या पायाचा एक बूट सापडला होता, तो तेवढा मी त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो बगलेत मारला आणि निघाला.

*

आता हा किस्सा नीट वाचा, पुढं लागणार आहे.

आमच्या अरबाबचा, म्हणजे मालकाचा, एक म्हातारा दोस्त आहे. पांढरी दाढी, बोलणं हळू. त्यानं डोंगरातला रानबोकड मारला होता, लांबचा नेम, गोळीही नेमकी निवडलेली. करंगळीएवढं एकच भोक. मला काम आवडलं. जीव लावून शिवलं, केसांत केस मिळवले. लोपीस भिंग घेऊन आला, त्यालाही टाका दिसेना.

म्हातारा न्यायला आला. चष्मा लावून बोकड चारी बाजूंनी बघितला. "गोली किधर?"

"दिखता नहीं बाबा," मी छाती फुगवून म्हटलं.

"दिखता नहीं?" तो खवळलाच. "मजलिस में दोस्त लोग आएगा. बोलेगा, ये बुड्ढे को मरा हुआ मिला!"

काय करता? टाके उसवायला गेलो तर कातडं फाटायला लागलं. शेवटी शेजारी दोन बोटं सोडून आरीनं नवीन भोक पाडलं, कडा जराशा काळ्या केल्या. म्हातारा खूश! "यल्ला, खलास!"

अजून त्याच्या मजलिसमध्ये पाहुणे कॉफी पिता पिता त्या भोकाला बोट लावतात आणि म्हणतात, माशाल्ला, काय नेम आहे.

*

लोपीसचं आणि माझं बरं होतं तेव्हा. बिघडलं ते बाथरूममुळं.

मोठ्या रायफलीची दुर्बीण डोळ्याजवळ धरली तर गोळी सुटताना ती मागं येते आणि कपाळावर बसते. भुवईच्या वर अर्ध्या चंद्राची जखम होते. नवशिके सगळे तो चंद्र घेऊनच आमच्या दारात येतात.

एकदा अरबाब लोपीसला शूटिंग क्लबात घेऊन गेला. "फ्रान्सिस, तू सब को गोली बताता है. आज मार के दिखा." दुसऱ्या दिवशी लोपीस ऑफिसात आला तो भुवईवर पट्टी लावून.

ऋचा म्हणाली, "ओ माय गॉड, अंकल! वॉट हॅपन्ड?"

"बाथरूममध्ये पडलो."

तेवढ्यात अरबाब आत आला. पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "फ्रान्सिस, बाथरूम का दुर्बीन कितने नंबर का था?"

सगळे हसले. मी जरा जास्त हसलो. मला खाली बसावं लागलं.

त्या दिवसापासून लोपीसनं सुरू केलं, "तात्याचा हात हलतो आता." शिंगं धुणाऱ्या शब्बीरला सांगितलं, ऋचाला सांगितलं, अरबाबच्या कानावर घातलं. माझं वय साठीच्या पलीकडं. व्हिसा दर वेळी नव्यानं करायचा, आणि करायचा की नाही ते लोपीस अरबाबला सांगणार. गावी जाऊन मी काय करणार? बायको गेली, पोराचं घर पोराचं. मला शिवायला येतं, दुसरं काही येत नाही. हात हलतो म्हटलं की माझं सगळंच संपलं.

हलत नव्हता हो. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवतो.

*

हा शेवटचा. व्हिसा याच महिन्यात होता.

दिघे साहेब. हमरिया फ्री झोनला स्वतःची फॅक्टरी. आफ्रिकेतून कुडू मारून आणला होता. कुडू म्हणजे थोरलं हरिण, शिंगं पीळ मारलेली, पुरुषभर उंच. साहेब मान कुठल्या बाजूला वळवायची ते सांगायला आले होते. बरोबर मिसेस. त्या एसीखालच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या, एक शब्द नाही.

साहेब मात्र सुरू. "थ्री-सेवंटी-फाइव्ह! लोक म्हणाले कुडूला जरा जास्त होते. म्हटलं, असू दे. एकच गोळी, लोपीस. जागच्या जागी बसला!"

"एक्सलंट चॉइस, सर," लोपीस म्हणाला.

मी कातडं पसरलं. मानेच्या वरच्या कडेला वीतभर लांब ओरखडा, गोळी घासून गेल्यासारखा. दिघे साहेबांनी त्याच्यावर हात ठेवला. "ही माझी." मग त्यांची नजर कानामागं गेली. तिथं एक भोक. करंगळीही जेमतेम जाईल एवढं.

"हे काय आहे?"

मी ते आधीच बघितलं होतं. म्हटलं, "दुसरी गोळी, साहेब."

"दुसरी? मी एकच मारली म्हणून सांगतोय ना? कुणी पाडलं हे?"

लोपीस पुढं झाला. "सॉरी, सर. आमचा तात्या... वय झालंय. आरी लागली असेल."

"मी नाही पाडलं," मी म्हटलं.

"मग त्या बोकडाला कुणी पाडलं होतं, तात्या?"

बोकडाचं खरं! ते पाडलंच होतं मी.

दिघे साहेबांचा आवाज चढला. "आयुष्यातली एक ट्रॉफी, आणि या माणसानं तिची वाट लावली! असली माणसं ठेवता कशाला?"

"या महिन्यात व्हिसा संपतोय त्याचा, सर. करत नाही आता. पाठवूनच देतो. हात हलतो त्याचा."

सगळ्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. आणि नेमका तेव्हा हलला, मेला. दाभण होतं हातात, ते मी टेबलावर ठेवून दिलं. दिघेबाईंनीही बघितलं. नवऱ्याकडं बघितलं, परत हाताकडं बघितलं.

तेवढ्यात मागच्या दारानं शब्बीर आला, कुडूची धुतलेली कवटी शिंगांसकट खांद्यावर घेऊन. त्याला काय चाललंय याचा पत्ता नाही. "लोपीस भाई, ये देखो. कान के पीछे हड्डी में फँसा था, पक्कड़ से निकाला." आणि त्यानं काहीतरी चहाच्या बशीत टाकलं.

ठण्ण!

गोळी. तोंड चपटं झालेलं, बूड शाबूत.

लोपीसचं कसं आहे, गोळी दिसली की त्याला राहवत नाही. त्यानं ती उचलली, बूड उजेडाकडं धरलं आणि शाळेत पाढा म्हणावा तसा म्हणाला, "टू-फॉर्टी-थ्री. लाइट कॅलिबर. धक्का कमी, लेडीज लोकांना बेस्ट..."

आणि तोंड उघडंच राहिलं.

दिघे साहेबांनी आधी गोळीकडं बघितलं, मग बायकोकडं.

"गाईडची असेल," दिघे साहेब म्हणाले.

"गाईडच्या हातात तुमची रायफल टेकवायच्या काठ्या होत्या, अहो," बाई पहिल्यांदा बोलल्या. "बंदूक नव्हती."

त्या उठल्या. लोपीसच्या बोटांतून गोळी काढून घेतली, टिश्यूनं पुसली, पर्समध्ये टाकली आणि पर्सचा खटका लावला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"काका, तो ओरखडा छान शिवा. कानामागचं राहू दे."

दिघे साहेब त्यांच्या मागोमाग निघाले. माझ्यापाशी थांबले, माझ्या बुटांकडं बघत "सॉरी, काका" म्हणाले. शब्बीरला काही कळलं नव्हतं, तोही म्हणाला, "माफ करना, बड़े भाई." संध्याकाळी ऋचानं ऐकलं, तर तिनंही "आय ॲम सो सॉरी, तात्या!" केलं. तिचा काय संबंध?

दुसऱ्या दिवशी एक जण माझ्या टेबलापाशी आला, भुवईवरचा चंद्र खाजवला आणि "उद्या मेडिकलला जा, व्हिसा करायचाय," एवढंच बोलून निघून गेला. मराठी शाळेत शिकलाय, मंडळाचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. फ्रान्सिस लोपीस.