रोवणीतली ती बाई

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आम्ही बौद्ध. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... आमच्या घरात काहीच चालत नाही. त्यात मी एसटीत तिकीट तपासणीला. समोरचा खोटं बोलतोय हे धरूनच मी गाडीत चढतो!

कोरोनाच्या आधीची गोष्ट. माझी धाकटी बहीण वंदना पवनी तालुक्यात कोंढ्याला दिलेली. तिची मुलगी श्रावस्ती तेव्हा सात वर्षांची. तिला ब्लड कॅन्सर होता, नागपूरला उपचार चालू होते – रोजच्या गोळ्या आणि अधूनमधून पाठीच्या मणक्यात सुई. गावात मात्र कावीळ सांगितलेलं – पोरीची जात, उद्या लग्नाला अडचण नको. पुढे गेलेले केस परत आले, पोरगी शाळेत जायला लागली आणि आमच्या जावयांनी, म्हणजे प्रकाशरावांनी, दवाखाना बंद केला. "बऱ्या पोरीले सुया काहून टोचाच्या?" मी समजावून थकलो. वंदना नवऱ्यापुढे काही बोलत नव्हती.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवशी मी मुद्दाम कोंढ्याला गेलो होतो, पुन्हा एकदा सांगून बघावं म्हणून. अड्याळ गावाकडून पिकअपमध्ये मजुरीच्या बाया आल्या होत्या. दुपारी सगळ्या शेताच्या धुऱ्यावर जेवायला बसल्या. त्यातली एक, पातळावर पुरुषी शर्ट घातलेली, हातपाय चिखलाने माखलेले, तिने श्रावस्तीला जवळ ओढलं आणि तिची नडगी दाबून पाहिली.

"इच्या गोळ्या काहून बंद केल्या वं?" ती वंदनाला म्हणाली. "पाठीतली सुई बाकी हाये इची. रोवणी होऊ दे म्हणू नोको. उद्याच ने."

वंदनाच्या हातातला घास तसाच राहिला. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? तेव्हा मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. मी झटकन पोरीला उचललं. बाई उठून चिखलाच्या बांधीत रोवायला उतरली.

संध्याकाळी तिला गाठायचं ठरवलं, तर पिकअपमध्ये ती नाहीच. मजूर बायांच्या म्होरकीला विचारलं.

"थे आमची नोहोय, भाऊ. आमाले वाटलं, तुमच्या घरची हाये."

आम्हाला वाटलं होतं, ती त्यांच्यातली आहे...

प्रकाशराव मात्र माझ्यावरच उखडले. "दादा, चार बायांपुढं आमची लाज काढाले माणूस धाडता का? चला, उद्याच रक्त तपासू. रिपोर्ट साधा निघाला तं या घरात दवाईचं नाव काढाचं नाही!"

मी शपथा घेतल्या, पण ऐकतो कोण. माझी जिरवायची म्हणून ते दुसऱ्या दिवशी, अर्धी रोवणी टाकून, पोरीला नागपूरला घेऊन गेले.

रिपोर्ट साधा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वरून काहीच दिसत नाही, पण आजार परतू लागलाय. उशीर केला असता तर आमच्या हातात फार काही राहिलं नसतं." प्रकाशराव तिथेच भिंतीला टेकून बसले. मला त्यांचा एवढा राग होता, पण त्या क्षणी त्यांची फार दया आली.

उपचार पहिल्यापासून सुरू झाले, आधीपेक्षा कडक. केस पुन्हा गेले. वॉर्डाबाहेर एकदा वंदना एकटी सापडली तेव्हा मी विचारलंच. माझा संशय तिच्यावर होता. नवऱ्याला बोलता येत नाही म्हणून हिनेच कोणाला तरी पढवून आणलं असणार.

"खरं सांग, ती बाई तूच आणली होतीस ना?"

"मी? दादा, मी त इतके दिवस मनातल्या मनात तुह्या पाया पडून राहिली होती. मले वाटलं, तूच धाडलं तिले."

खोटं बोलणारा चेहरा मी ओळखतो. तो तसा नव्हता.

आजूबाजूच्या गावांत मी खूप विचारपूस केली. तशी बाई कोणालाच माहीत नाही. योगायोग म्हणाल, तर पाठीतल्या सुईचं तिला कोणी सांगितलं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

श्रावस्ती आता नववीत आहे. प्रकाशराव आजही म्हणतात, ती बाई दादांनीच पाठवली होती. आधी मी भांडायचो. आता गप्प बसतो. मी नाही म्हटलं तर ते विचारतील, मग कोणी पाठवली?