कबुतरांची ज्वारी

ऐंशीच्या दशकात मी जयपूरला बँकेत होतो. आमच्या मराठी मंडळाने गणपतीच्या ऑर्केस्ट्रासाठी कोंगोची जोडी घ्यायचं ठरवलं. वर्गणी बेताची, आणि निवड माझ्यावर, कारण आरतीला ढोलकी मी बडवायचो. दुकानात शिरताच मी एका चकचकीत लाल जोडीच्या प्रेमात पडलो.

पायरीवर केशरी साफा बांधलेले एक आजोबा बसले होते, मांडीवर कबुतरांसाठी ज्वारीची पिशवी. मी पाकीट काढलं तसे ते न बोलावताच आत आले. लाल कोंगोवर त्यांनी चिमूटभर ज्वारी पसरली आणि थाप मारली. दाणे घरंगळत एका बाजूला गोळा झाले.

"एक तरफ़ से ढीला है, साहब."

मग त्यांनी कोपऱ्यातली रंग उडालेली जुनी जोडी ओढली. तिच्यावर दाणे कातडंभर नाचले.

"चाचा, मेरे ग्राहक मत बिगाड़ो!" दुकानदार ओरडला.

"बिकेगा तो तेरा ही माल ना!" म्हणत आजोबांनी दाणा न् दाणा वेचला आणि ते कबुतरांकडे निघून गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी आणलेली जुनी जोडी पाहून मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली. शेवटी एकीने कोंगोंना पैठणीचा जुना काठ गुंडाळला.

मंत्रपुष्पांजलीच्या अक्षता नेमक्या कोंगोवर पडल्या. "मोरया!" झालं, वाजवणाऱ्याने थाप दिली आणि अक्षता कातडंभर नाचल्या. सगळ्यांचे हात गणपतीला जोडलेले होते. माझे मात्र त्या केशरी साफ्याला.