पिंजऱ्यावरची पाचवी रेघ

पिंपरीच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत जाईबाई नऊ वर्षं उंदरांचे पिंजरे सांभाळत होती आणि नऊही वर्षं हंगामीच होती. चिंचवड गावठाणातली ही बाई शाळेत गेलेली नव्हती, पण नजर तिखट होती. डॉक्टरांनी शिकवल्यावर उंदरांना मेंढीचं रक्तही तीच टोचायची; परक्या रक्ताशी शरीर कसं झुंजतं, यावर त्यांचं संशोधन होतं. डॉक्टर स्वतः आठवड्यातले चार दिवस मुंबईला बैठकांत असायचे.

टोचलं की जाईबाई पिंजऱ्याच्या पत्र्यावर खडूची एक रेघ ओढी, मग रोज एक. डॉक्टर येत, रेघा मोजत आणि वहीत आकडा लिहीत. तपासणीच्या काचाही तिनंच धुवायच्या. धुताधुता तिच्या ध्यानात आलं की पाचव्या रेघेच्या उंदरांच्या काचांवर रक्ताच्या थराला चाळणीसारखी भोकं पडतात, इतर दिवशी तेवढी नाहीत. एकेक भोक म्हणजे झुंजणारी एकेक पेशी. १९७३ साली तिनं हे डॉक्टरांना सांगितलं.

"सायेब, पाचवीला लई भोकं पडत्यात. टोचल्याचा दिस धरून पाचवी बरं का, लेकराची धरत्यात तशी."

डॉक्टरांचे कान भोकांपाशीच थांबले. वर्षभरात त्यांचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला : टोचल्यानंतर पाच दिवसांनी झुंज ऐन भरात येते. आभारात संचालक होते, डॉक्टरांच्या सौभाग्यवती होत्या. ज्या बाईनं हे पाहिलं, तिचा उल्लेख औषधालाही नव्हता. लेख टाइप करणाऱ्या सुमनताईंनाच त्याची लाज वाटली.

"नावाचं ऱ्हाऊ द्या, ताई," जाईबाई त्यांना म्हणाली. "लेख गाजला की कायम करतो म्हनल्यात सायेब."

लेख गाजला. प्रत मागणारी एकसष्ट कार्डं आली. कुणी आपल्या लेखात हवाला दिला की डॉक्टर तो कापून फाइलीत डकवायचे. जाईबाई मात्र हंगामीच राहिली.

मग तीन ठिकाणांहून एकच तक्रार आली : पाच दिवसांनी आम्हाला निम्मीच भोकं मिळतात. डॉक्टरांनी जाईबाईला बोलावून घेतलं. तिनं बोटांवर मोजून दाखवलं.

"टोचल्याचा दिस पैला, सायेब. तुमी त्यो सोडला, म्हनून एक दिस उशीर झाला. मी तवाच सांगितलं व्हतं."

डॉक्टरांनी खुलासा लिहिला आणि खापर फोडायला डोकं आयतंच होतं. तोही सुमनताईंनाच टाइप करावा लागला : दिवस मोजण्यातली चूक एका अशिक्षित मदतनिसाकडून झाली. निर्लज्जपणाला काही सीमा? तो खुलासासुद्धा डॉक्टरांच्या लेखांच्या यादीत आणखी एक लेख म्हणून चढला आणि त्या यादीवर त्यांना बढती मिळाली. जाईबाईचा कायम होण्याचा अर्ज 'कामात निष्काळजी' असा शेरा मारून परत आला.

सुमनताईंनी तिला सगळं वाचून दाखवलं. जाईबाई काच धुता धुता ऐकत होती.

"मंजी माजं नाव आलं म्हना की छापून."

"नाव नाही आलं, जाईबाई. नुसतं 'एक मदतनीस' लिहिलंय."

जाईबाईनं काच पुसून फळीवर ठेवली.

"का बरं? चूक माजी म्हनत्यात, तर नाव बी माजंच घालायचं."