उभी ठेवायची कातडी

लॅबमधली पोरं तिला पाठीमागे ‘उभीताई’ म्हणत, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. मुलांच्या इस्पितळात चोवीस वर्षं ती तपासणीला आलेले शरीराचे तुकडे मेणात बसवून त्यांचे काप काढत आली होती. कातडीचा तुकडा आला की तिचं एकच पालुपद, "उभी ठेव! आडवी ठेवलीस तर नुसता पापुद्रा दिसेल. खालचं दुखणं काय तुझा आजोबा सांगणार?" चुकेल त्याचं नाव ती भिंतीवर टांगलेल्या वहीत लाल शाईने लिही. त्या वहीत आपलं नाव एकदाही नाही, हेही ती न विचारता सांगे.

एका मंगळवारी सात वर्षांच्या मुलाच्या लघवीच्या जागेवरची पुढची कातडी आली. ती घट्ट होऊन मागे सरत नव्हती, लघवीच्या वेळी पोर रडायचं, म्हणून सर्जननी काढली होती. दुसऱ्या दिवशी काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधी सूज दिसतेय. खालचा थर नीट येत नाहीये, पण चालेल. उद्या घरी सोडायचंय त्याला."

उभीताईने मेणाची वडी उजेडात धरली. तुकडा आडवा! बसवला होता तिनेच, फोनवर बहिणीशी भांडता भांडता. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण कातडी आकसवणारा आजार असला तर तो पुढे लघवीच्या छिद्रापर्यंत पोचतो, आणि ‘साधी सूज’ लिहिल्यावर त्या पोराकडे कोण बघणार?

"रिपोर्ट थांबवा," ती म्हणाली. "घोळ मी घातलाय."

तिने मेण वितळवलं, तुकडा उभा केला, नवा काप काढला.

"अगं बाई!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "हा बघ फिकट पट्टा. कातडी आकसवणारा आजारच हा. मलम लावायचं, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी."

उभीताईने वही काढली आणि लाल शाईने आपलं नाव लिहिलं.

"हसा की मेल्यांनो!" ती म्हणाली.

सहा महिन्यांनी सर्जन खाली आले. त्या पोराचं छिद्र आकसायला लागलं होतं, पण तपासणीत वेळेवर सापडलं, आता पोरगा मजेत आहे, म्हणाले. ते गेल्यावर पोरांनी हळूच विचारलं, "ताई, आता तुमचं नाव खोडू?"

"हात तर लावून बघा," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला आतल्या खोलीत गेली.