तीन कवठं

दहाव्या दिवशी पवनेच्या घाटावर सासूबाईंच्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढत चाललं होतं. माझे पती ओलेत्याने हात जोडून उभे होते. समोरच्या बाभळीवर चार कावळे बसले होते, पण खाली उतरायचं नाव घेत नव्हते. गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली की असं होतं, असं आपल्याकडे मानतात. मग जमलेली माणसं ती इच्छा ओळखायच्या मागे लागतात. कुणी म्हणालं, नातवंडांना अंतर देणार नाही म्हणा. कुणी म्हणालं, मिश्री ठेवा, मिश्रीशिवाय त्यांची सकाळ होत नव्हती. मिश्री ठेवली. तिळाची पोळी ठेवली. कावळे बसल्या जागी.

माझी थोरली मुलगी शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, तू सांग ना. तुझ्याइतकं आजीजवळ कुणी राहिलं नाही. तिला काय हवं असेल?"

नेमकं तिने हे विचारावं याचं मला नवल वाटलं. ती पोटात होती तेव्हा हाच प्रश्न मला दिवसातून दहा वेळा विचारला जात होता, आणि मी दिलेली सगळी उत्तरं खोटी होती.

पन्नासचं दशक तेव्हा निम्मं उलटलं होतं. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना सुरू झाला होता आणि माझ्या पतींना तिथे नोकरी लागली होती. वसाहतीत दोन खोल्यांचं घर मिळालं. रस्त्याच्या कडेची झाडं माझ्या कमरेलाही येत नव्हती आणि भिंतींना अजून चुन्याचा वास होता. मी पुण्यात मॅट्रिकपर्यंत शिकलेली, कॉलेजचं एक वर्ष झालेली. ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. मला दिवस गेल्याचं कळल्यावर सासूबाई नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावाहून माझ्यासाठी आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांना अक्षरओळख नव्हती, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा होता. मी त्यांना घाबरत असे.

पुस्तकांतल्या बायका एकदाच ओकतात. तेवढ्यावरून घरात आनंदीआनंद होतो आणि पुढच्या प्रकरणात मूल झालेलं असतं. माझं तसं झालं नाही. दुसरा महिना सरता सरता मला जे ओकायला लागलं ते थांबेना. खाल्लं की खाल्लेलं पडे, पाणी प्यायले की पाणी, आणि काहीच घेतलं नाही की पिवळं कडू. छापलेल्या ओळी डोळ्यांपुढे हलत, म्हणून पुस्तकंही मिटली. वारा पालटला की कारखान्याचा वास घरात येई, आंबलेलं पीठ ओल्या पोत्यात ठेवल्यासारखा. तोच वास यांच्या कपड्यांना असे. संध्याकाळी नवरा दारात आला की मी मोरीकडे धावे. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. बिचारे दारातच थांबायचे आणि विचारायचे, "येऊ का?"

चिखलीकडून डोक्यावर घागर घेऊन एक दूधवाली येई. ती पायरीवर बसून माझ्याकडे बघत म्हणाली, "औषधाच्या कारखान्याची मान्सं तुमी, आन् एका ओकारीला औषध न्हाई व्हय?"

"कारखान्याला सांग की," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाला काय विचारतेस?"

"आन् डव्हाळं? डव्हाळं काय लागल्यात पोरीला?"

हा प्रश्न सगळ्या विचारत. शेजारणी विचारत, आत्याबाई विचारत. गरोदर बाईला जे खावंसं वाटतं ते तिला मिळालंच पाहिजे, नाहीतर मूल जन्मभर लाळ गाळतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला काहीच खावंसं वाटत नव्हतं. अन्नाचं नाव काढलं तरी जिभेखाली ओकारीचं पाणी सुटे. पण "काही नको" असं एकदा म्हणाले तेव्हा एका शेजारणीने दुसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "डोहाळेच नाहीत म्हणजे गर्भानं जीव धरला नाही बाई अजून." ते मला लागलं. तेव्हापासून मी उत्तरं देऊ लागले. इतर बायकांना काय लागतं ते ऐकलं होतं, वाचलं होतं, त्यातलं एकेक सांगे. एकदा चिंच, एकदा आवळे. आत्याबाई हौसेने आणत. मी एक घास घेई, हसे आणि त्या आत वळल्या की मोरी गाठे.

मग एका सकाळी मी कवठाची चटणी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. बहुधा ते लगेच मिळणार नाही आणि आजचा दिवस सुटेल, असा विचार असावा.

दूधवाली म्हणाली, "आकुर्डीच्या अंगाला एका मळ्यात हायेत की कवठं. पर लांब हाय, म्हातारे."

"म्हातारी तू," आत्याबाई म्हणाल्या आणि वहाणा घालून निघाल्या.

महाशिवरात्र होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. त्या दुपारी दोनला परत आल्या. पदरात तीन कवठं बांधलेली, तोंड लाल झालेलं, पायांवर धूळ. पाणीसुद्धा न पिता त्यांनी पायरीच्या दगडावर कवठ फोडलं, गर काढला, गूळ आणि जिरं घालून पाट्यावर वाटला आणि वाटी माझ्या पुढ्यात धरली. त्या आंबट-गोड वासाने मला मोरीपर्यंत पोचायला वेळच दिला नाही. मी त्यांच्या पायांवर ओकले.

त्यांनी पाय मागे घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला कवठ नको होतं."

"नव्हतं."

"आणि आवळे?"

"तेही नव्हते."

"मग मागितलंस कशाला गं?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

त्या काही बोलायच्या आत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला धरून खाली बसले ती उठलेच नाही.

वसाहतीच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी माझ्या मनगटावरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते लगेच खाली बसलं नाही. जीभ पाहिली. लघवी कधी झाली होती ते विचारलं. मला आठवेना. बाहेरच्या खोलीत जाऊन ते यांच्याशी बोलले. नव्या घरांच्या भिंती पातळ होत्या.

"परवा सकाळपर्यंत पोटात पाणी टिकलं पाहिजे आणि लघवी झाली पाहिजे. नाही झालं तर पुण्याला न्या. आणि तिथेही थांबलं नाही, तर बाईचा जीव आधी बघतात. मूल काढून टाकतात."

मी ऐकलं. आत्याबाईंनीही ऐकलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने त्या माझ्या अंथरुणाशी येऊन बसल्या. समोर तांदूळ निवडायचं सूप ठेवलं, शेजारी माठातल्या पाण्याचा तांब्या आणि एक चमचा.

"आता तुला कुणी काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "आई मेलेली शेळीची पिल्लं मी चिंधीनं पाणी पाजून जगवलीत. त्यांना कुणी विचारत नाही, बाई, तुला काय आवडतं म्हणून."

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

पद्धत अगदी साधी होती. अर्धा चमचा पाणी, चिमटीत मावेल एवढं मीठ आणि साखर घातलेलं. ते गिळायचं आणि पडून राहायचं. मग त्या सुपातून एक मूठ तांदूळ पुढे ओढत आणि निवडायला घेत. खडा, साळ, किडका दाणा, सगळं बाजूला. मूठ निवडून झाली की पुन्हा अर्धा चमचा. माझी जीभ कोरडी पडलेली असे, तांब्या उचलून तोंडाला लावावा असं वाटे. मी हात पुढे केला की त्या तांब्या पलीकडे सरकवत. "मूठ व्हायचीय अजून." पहिले सहा-सात वेळा सगळं बाहेर आलं. दरवेळी त्या ओकायला चिलमचीचं भांडं पुढे करत, तोंड पुसत आणि म्हणत, "गेलं ते गेलं. आता पाव चमचा." रागावल्या नाहीत आणि कळवळल्याही नाहीत. कळवळल्या असत्या तर मला रडू आलं असतं, आणि रडायला लागणारं पाणीही अंगात नव्हतं.

घरात फोडणी पडली नाही. भाकरी मागच्या अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून शेगडीवर होई. यांना तर हुकूमच होता: कारखान्याचे कपडे मागच्या दोरीवर, अंघोळ तिथेच, मग घरात पाऊल. कंबरेला पंचा लावून ओलेत्याने उभ्या असलेल्या साहेबांना शेजारणी खिडकीतून बघून हसत. विचारपूस करायला येणाऱ्या बायकांना आत्याबाई उंबऱ्यावरच अडवत. "काय खावंसं वाटतंय म्हणून विचारणार असाल तर इथूनच जा. बाकी बोलायचं तर बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी टिकायला लागलं. चमचा भरून झाला, मग दोन चमचे झाले. तांदूळ संपले तेव्हा त्यांनी आधीच निवडलेलेच पुन्हा सुपात ओतले आणि स्वच्छ तांदळातले नसलेले खडे शोधत बसल्या. पण लघवीचा पत्ता नव्हता, आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत जवळ येत होती. मी डोळे मिटून पोटावर हात ठेवून पडले होते. आत कोण आहे, कसं आहे, मला काही ठाऊक नव्हतं. ते जाऊ नये एवढं मात्र मला हवं होतं. खरं म्हणजे तोच एक डोहाळा मला लागला होता, आणि तो कुणी विचारला नव्हता.

दुपारी चार वाजता कारखान्याचा भोंगा झाला. त्यानंतर थोड्या वेळाने मी आत्याबाईंचा हात धरून न्हाणीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी मान हलवली. नेमके त्याच वेळी हे सायकलवरून घरासमोर उतरत होते.

"झाली रे!" आत्याबाई दारातून ओरडल्या.

"काय झाली?"

"मुतली तुझी बायको!"

शेताच्या दोन बांधांमधलं अंतर कापणारा तो आवाज आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरात गेला. समोरची एक खिडकी उघडली आणि पटकन मिटली. मी लाजेने अंथरुणात तोंड लपवलं. आजवर पुष्कळ पुस्तकं वाचली. माझ्याबद्दल याहून आनंदाने उच्चारलेलं वाक्य मी कुठे ऐकलं किंवा वाचलं नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले आणि पुण्याला जायची गरज नाही म्हणाले. ओकाऱ्या एकदम थांबल्या नाहीत. पाचव्या महिन्यापर्यंत मी सुपासमोर पडूनच दिवस काढले: आधी पाणी, मग पेज, मग लाह्या, मग कोरड्या भाकरीचा पापुद्रा. मी शिकले ते असं की काय हवं हे विचारत बसू नये, काय टिकतं ते पाहावं. पुढे वसाहतीतल्या कितीतरी नव्या सुनांजवळ मी असं सूप घेऊन बसले. डॉक्टरांकडे वेळेवर पाठवणं आणि चमच्याने पाणी पाजणं ही दोन कामं मला चांगली येतात, असं मी आज न संकोचता म्हणते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. मी हिरवी साडी नेसून पाटावर बसले होते. आत्याबाई विधवा, म्हणून त्या पुढे आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसल्या होत्या. ओटी भरताना तीच शेजारण हसत म्हणाली, "हिला म्हणे डोहाळेच लागले नाहीत!"

मी काही म्हणायच्या आत उंबऱ्यापलीकडून उत्तर आलं. "लागले होते की. पाण्याचे. मी पुरवले."

कवठाची गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. आपल्या मुलालाही नाही. उरलेली दोन कवठं त्यांनी दूधवालीला देऊन टाकली आणि पुन्हा माझ्यासमोर कवठाचं नाव काढलं नाही.

आत्याबाईंच्या शेवटच्या पंधरा दिवसांत त्यांना गिळता येत नव्हतं. भेटायला येणारे विचारत, "काय खावंसं वाटतंय, आजी?" त्या डोळे मिटून घेत. मी अर्धा चमचा पाणी देई आणि थांबे.

म्हणून घाटावर मुलीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला ठाऊक नाही."

"असं कसं, आई?"

"त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही."

दोन-चार माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना मी कोरडी वाटले असेन. गुरुजींनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. बाभळीवरचे कावळे तसेच होते.

परतताना मुलगी म्हणाली, "लोक उन्हात खोळंबले होते. काहीतरी सांगून टाकायचंस. पुरणपोळी म्हण, काहीही म्हण."

"एकदा सांगितलं होतं असं काहीतरी," मी म्हणाले. "भर उन्हात आकुर्डीला जाऊन तीन कवठं आणावी लागली त्यांना."

ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. घरी पोचेपर्यंत सांगितली.