आमची न आटणारी बोअरवेल

नोकरीभर मी आठवीच्या मुलांना भूजल शिकवलं. फळ्यावर रंगीत खडूंनी थर काढायचे: वर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक आणि तळाशी निळंशार पाणी. "जमीन पाणी गाळते," असं मी सांगायचे आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. जमीन काय गाळते आणि काय गाळत नाही, हे धड्यात नव्हतं. ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी भांडुपमधल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले. ज्याच्याकडे वेळ असतो आणि ज्याचा आवाज लवकर चढतो, त्याला आमच्याकडे सेक्रेटरी करतात. माझ्याकडे दोन्ही होतं.

माझ्याच काळात सोसायटीने बोअरवेल खणली. जागा ठरवायला चेअरमननी पाणाड्या बोलावला. मी विज्ञानाची शिक्षिका, त्यामुळे मी कडाडून विरोध केला आणि मग त्याच्यासाठी चहाही मीच केला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो पार्किंगमध्ये फिरला. बी विंगच्या मागे, एका सभासदाच्या गाडीला खेटून, नारळ उभा राहिला. "इथलं पाणी कधी आटायचं नाही," तो म्हणाला. गाडी हलवायला सभासद तयार नव्हते, म्हणून चार पावलं पुढे खणलं. आमच्या सोसायटीत श्रद्धा काय आणि शास्त्र काय, पार्किंगपुढे कुणाचं चालत नाही.

पाणी लागलं. पंपाला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मे महिन्यात शेजारच्या सोसायट्यांच्या बोअर कोरड्या पडल्या, त्यांच्या गेटवर टँकर उभे राहिले, आणि आमची बोअर मात्र धो धो वाहत होती. चेअरमन त्या दिवसांत अशा थाटात फिरायचे की खडक त्यांनी स्वतःच फोडला असावा. पाणी वापरायचं ते फ्लशला, गाड्या धुवायला आणि बागेला. त्याला जरा वास यायचा. चेअरमन म्हणाले, खनिजं आहेत. तळमजल्यावरचे एक काका त्याच पाण्याने आंघोळ करायला लागले. वज्रेश्वरीच्या कुंडासारखं गंधकाचं पाणी आहे, गुडघे मोकळे झाले, असं ते येईल-जाईल त्याला सांगायचे. काकांच्या गुडघ्यांवर मी बोलणार नाही, पण लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारी उभं राहणं कठीण झालं होतं.

मग एक स्पर्धा निघाली, हरित सोसायट्यांची. मी हिरिरीने फॉर्म भरला. गांडूळखत होतं, सौर दिवे होते, बोअर होती. फक्त बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल जोडायचा होता. प्रयोगशाळेने निर्जंतुक केलेली बाटली पाठवली. ती घेऊन मी पंपापाशी गेले, नळ सोडला, वास घेतला आणि नळ बंद करून तशीच घरी आले.

स्वयंपाकघरात वॉचमनची बायको पोळ्या करत होती. दोघं जालन्याकडची. पंपाला लागून असलेल्या खोलीत राहायची आणि सकाळी ती माझ्याकडे पोळ्यांना यायची. मी तिच्यापुढे बाटली ठेवली.

"ही भरून दे गं."

"कुठलं भरू, ताई?"

"फिल्टरचं."

तिने हात धुतले, बाटली भरली, पदराने पुसून माझ्या हातात दिली.

अहवाल आला: पिण्यास योग्य. येणारच. खरं तर करंडक माझ्या भिंतीवरच्या त्या यंत्राला द्यायला हवा होता. तो सोसायटीला मिळाला. मी हार घालून घेतला, भाषण केलं, त्यात भूजलाचे थरही आणले. अहवाल लॅमिनेट करून नोटीस बोर्डावर लागला. मनात टोचत होतं, नाही असं नाही. पण मी स्वतःला सांगितलं की हे पाणी पिणार कोण आहे? जास्वंदीला थोडेच जुलाब होतात.

पुढच्या उन्हाळ्यात पाणीकपात आली. तातडीची मीटिंग झाली. वॉचमनच्या खोलीबाहेर पालिकेच्या पाण्याचा एक नळ होता. तो बंद करावा आणि त्यांना बोअरचं कनेक्शन द्यावं, असं चेअरमननी सुचवलं. "पिण्यास योग्य आहे, बोर्डावर रिपोर्ट आहे, मॅडमनी स्वतः तपासून घेतलंय." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. एक वाक्य बोलायचं होतं, जिभेवर आलं होतं, आणि मी ते गिळलं, कारण लोक हसतील याची मला भीती वाटली. सर्वानुमते मंजूर, असं इतिवृत्तात मीच लिहिलं. अक्षर माझं नेहमीसारखंच सुरेख आलं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना तिने विचारलं, "ताई, ते बोरिंगचं पाणी चांगलंय ना? तुम्ही शाळेत शिकवायच्या, म्हून इचारते."

"बोर्डावर रिपोर्ट लागलाय," मी म्हणाले. "तरी उकळून पी हो."

"इतकं उकळायचं कधी? तुम्ही म्हनताय ना चांगलंय. बास झालं."

मी म्हटलं नव्हतं. मी फक्त बोर्डाकडे बोट दाखवलं होतं. शब्दांची अशी कसरत मला आयुष्यभर कुणी शिकवली नव्हती, पण ऐन वेळी छान जमली.

महिन्याभराने एका सकाळी तिने लाटणं खाली ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. मळमळतंय म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं, तर डोळे हळदीसारखे पिवळे होते. नवऱ्याने तिला पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. कावीळ, पाण्यातून झालेली. तिला दाखल करून घेतलं.

मी त्याच दिवशी प्लंबरला बोलावलं. त्याने बी विंगच्या मागे लाद्या उचकटल्या, ती गाडी उभी असायची बरोब्बर तिथल्या. तिथे बिल्डरच्या वेळची सेप्टिक टँक होती. रस्त्यात गटाराची लाइन आल्यावर ती बंद झाली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. अख्ख्या बी विंगचे संडास अजून तिथेच येत होते, टँकचा तळ फुटला होता आणि सगळं मुरत मुरत चार पावलांवरच्या बोअरमध्ये उतरत होतं.

"मॅडम, तुमची बोअर आटंल कशी?" प्लंबर नाकाला रुमाल लावून म्हणाला. "तुम्हीच भरताय ना रोज."

पाणाड्या खोटं बोलला नव्हता. आम्ही वर फ्लश करत होतो, ते खाली मुरत होतं, आम्ही परत वर ओढत होतो, आणि त्यावर आम्हाला करंडक मिळाला होता.

मीटिंगमध्ये मी बाटलीची गोष्ट सांगितली. मग चेअरमन म्हणाले, "अहो मॅडम, हे मिनिट्समध्ये नको हां." एकांना फ्लॅट विकायचा होता, त्यांनी मान डोलावली. काकांनी गुडघ्यांचं काय, म्हणून विचारलं. तिची चौकशी कुणीही केली नाही. माझा आवाज चढला. मी सगळं इतिवृत्तात लिहिलं, त्यांचा पालिकेचा नळ दुसऱ्या दिवशी सुरू करून घेतला आणि करंडक परत केला. एवढं करून मला फार बरं वाटेल असा माझा समज होता.

ती दीड महिन्याने कामावर आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी ती बाटली म्या भरली व्हती, तीच?"

"हो."

"तवा तुमच्या हाताशी तर व्हते मी, ताई. मला तरी सांगायचं व्हतं."

ती उठली आणि कणीक मळायला लागली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती अजून येते. पोळ्या पूर्वीसारख्याच मऊ करते, गावाकडचं सांगते, हसतेही. उन्हातून आली की मी फिल्टरचा ग्लास भरून पुढे करते. ती पिशवीतून आपली बाटली काढते, खालच्या नळावर भरलेली.

"नको ताई," ती म्हणते, "माझं मी आनलंय."