हाताच्या पाठीनं निवडलेलं होम थेटर

...तर दुकानदार म्हणाला, "मावशी, आधी पायात चपला घाला, मग काय हात लावायचा तो लावा!" काल एवढ्यावर आलो होतो आणि घरातून जेवणाची हाक आली. आमच्याकडं हाक एकदाच येते, दुसऱ्यांदा आमटीच थंड होते. म्हणून उठलो.

काल जे बसले नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या पारूबाई. कसबा बावड्यात आमच्या दोघांच्या घरांची भिंत एकच. मी राधानगरीकडनं दूध संघाच्या नोकरीसाठी आलो, त्या आजऱ्याकडनं लग्न होऊन आल्या. दुकान शाहूपुरीतलं. साल दोन हजार चार, आषाढ. आणि पारूबाई उभ्या होत्या ओल्या फरशीवर, अनवाणी. समोर चालू असलेला होम थेटरचा रिसिव्हर. म्हणजे ती मधली पेटी हो, जिच्यातनं पाचही स्पीकरना आवाज जातो.

आता बाईमाणूस चपला काढून पेटीला हात लावायला का उभं राहतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पारूबाईंचा नवरा गुंडू, वायरमन. हाताला असा गुण की बंद पडलेला पंखा त्याला बघूनच फिरायला लागायचा, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. गल्लीतल्या पोरांना तो एकच धडा द्यायचा. "कुठल्या बी यंत्राला पैल्यांदा हाताच्या पाठीनं शिवायचं. करंट आसला तर हात मागं फेकला जातो. तळहातानं धरलं तर मूठ आवळती, आन मग सुटत न्हाय." मी सातवी शिकलेला माणूस, पण हा धडा मला शाळेतल्या धड्यांपेक्षा पक्का बसला.

आणि एक्याण्णव सालच्या बुद्धपौर्णिमेला वळीव आला. गल्लीतल्या मांडवात पत्र्याच्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर चालू होता. पोरं ओरडायला लागली, भिजतोय, भिजतोय! गुंडू धावला आणि बटण बंद न करता, दोन्ही हातांनी धरून उचलायला गेला. ज्यानं सगळ्यांना शिकवलं, त्यानंच तळहात लावले. मूठ आवळली. मी पाच पावलांवर होतो. कुणीतरी मांडवाचा वासा काढून हाणला तेव्हा तो सुटला, पण तोवर जीव गेला होता. पारूबाई समोरच होत्या. नुसत्या त्या वाशाकडं बघत राहिल्या.

पुढं त्या कॉलेजच्या पोरांच्या खानावळीत चपात्या लाटायला लागल्या. दिवसाला तीनशे चपात्या. त्यावर पोराला, अतुलला शिकवला, शिरोलीला फाउंड्रीत लावला, सोनमशी लग्न करून दिलं. पण त्या दिवसापासनं घरातलं एकही बटण त्यांनी बोटानं दाबलं नाही. लाटण्यानं दाबायच्या. लाकूड ना ते! दिवा लावायचा, लाटणं. पंखा, लाटणं. खालच्या गल्लीतल्या शालूबाई एकदा म्हणाल्या, "पारूबाई, तुमच्या घरातला उजेड बी चपातीगत गोल पडत आसंल की!" सगळ्या बायका हसल्या. पारूबाईही हसल्या, आणि घरी जाऊन लाटण्यानंच दिवा लावला.

घरात इस्त्री आणू दिली नाही. मिक्सर नाही. सोनम पाट्यावर वाटायची. टीव्ही आला तो प्लॅस्टिकच्या अंगाचा, म्हणून चालला. एक फ्रिज तेवढा सोनमच्या माहेरनं लग्नात आला, त्याला नाही कसं म्हणायचं? त्याच्या दारात त्यांनी पोत्याची जाड घडी टाकली. पाणी गळतं म्हणून म्हणायच्या, पण मला ठाऊक होतं कशासाठी ते.

अशा घरात अतुलनं होम थेटरचा विषय काढला. मान खाली घालून. अठ्ठावीस वर्षांच्या पोरानं आईकडं पहिल्यांदा काही मागितलं असेल.

नात श्रुती चार वर्षांची, दिसेल त्याला हात लावणारी. पारूबाई तिच्या हाताकडं बघत होत्या. तो चिमणीएवढा हात आणि ती लोखंडी पेटी, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढं असणार. शेवटी म्हणाल्या, "आण. पर निवडणार मी. आन आण्णा, तुमी संगं चला. तुमी त्या दिवशी हुता."

आता सांगा, नाही म्हणता येतं?

दुकानदार गोडबोल्या. पहिली पेटी काढली ती चांदीच्या रंगाची, पुढं निळे-लाल दिवे नाचतात. "मावशी, पाच हजार वॅट! गल्ली हादरंल!"

"गल्ली न्हाय हादरवायची मला. पाठ दाव तिची."

"पाठ?"

"म्हस घेताना नुस्तं त्वांड बघून घेतोस व्हय? फिरव."

त्यानं फिरवली. पारूबाईंनी वाकून वायर बघितली. पिन दोनच. मग मला म्हणाल्या, "आण्णा, उचला जरा." मी उचलली, तर रिकाम्या डब्यासारखी हलकी. गुंडू म्हणायचा, पेटी हलकी तर आतला ट्रान्सफॉर्मर बारका, आणि ट्रान्सफॉर्मर बारका तर पाच हजार वॅट फक्त खोक्यावर. अतुलचं तोंड उतरलं, त्याला ते नाचणारे दिवे आवडले होते.

"लाव चालू," त्या म्हणाल्या. आणि चपला काढल्या. छत्र्यांचं पाणी सांडून फरशी ओलीच होती, त्यात जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा दुकानदार ते चपलांचं बोलला.

"घरात पोरगी काय चपला घालून फिरनार हाय?" एवढंच म्हणून त्यांनी उजव्या हाताची पाठ पुढं नेली. बांगड्या वाजत होत्या ते मला ऐकू येत होतं. तेरा वर्षांनी ही बाई चालू यंत्राला शिवणार, आणि मी पुन्हा पाच पावलांवरच उभा!

शिवल्या आणि हात झटकन मागं. "मुंग्या आल्या."

"एवढं असतंच की हो," दुकानदार म्हणाला. "त्यानं काय होत न्हाय."

"मग तू लाव की. चपला काढून लाव."

तो हसला, पण चपला काही काढल्या नाहीत. गिऱ्हाईकं बघत होती, त्यातला एक पावणा म्हणाला, "मालक, काढा की चपला! आमाला बी घ्यायचा हाय!"

दुसरी पेटी नावाजलेल्या कंपनीची, पण ती अतुलच्या ऐपतीबाहेर. तिसरी काळी, साधी, पुढं दोन गोल बटणं, दिवा एकच. उचलली तर माझी कंबर बोलली. मागं हवेला भोकं भरपूर आणि वायरीला पिना तीन. तिसरी, जाड पिन अर्थिंगची. म्हणजे पेटीत कुठं करंट उतरलाच तर तो त्या वायरीनं घराच्या अर्थिंगमधनं जमिनीत जातो, माणसाच्या अंगातनं नाही.

पारूबाई पुन्हा ओल्यात उभ्या राहिल्या. हाताची पाठ लावली. काही नाही. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावून तशीच ठेवली, आणि मी मनातल्या मनात मोजत होतो. दहापर्यंत मोजलं. "हीच," त्या म्हणाल्या. परत येताना रिक्षात पेटी त्यांच्या मांडीवर होती. खरं सांगतो, मलाच त्यांच्यापेक्षा जास्त हुरूप आला होता. मी वाटेत दोन-तीन गोष्टी सांगितल्या, कुणी ऐकल्या नाहीत.

घरी शोकेसमध्ये पेटी बसली. सोनमनं हौसेनं विणलेला रुमाल वर घातला. पारूबाईंनी तो काढला, "तिला श्वास घेऊ दे." अतुलनं स्पीकर जोडले, पिन भिंतीत घातली. त्या घरातल्या तीन पिनांच्या जागा दोनच, एक फ्रिजची आणि एक ही. श्रुती माझ्या मांडीवर चुळबूळ करत होती. बाहेर पाऊस असा लागलेला की भिंतींना घाम. फरशीवर पाऊल उठत होतं.

दिवा लागला. अतुल म्हणाला, "आई, दुकानात बघितलंय की. आता कशाला?"

"गप."

हाताची पाठ पुढं नेली आणि टेकवली मात्र, त्या मागं फेकल्या गेल्या. कोपर शोकेसवर आपटलं, दोन बांगड्या फुटून फरशीवर उडाल्या. मुंग्या नव्हत्या त्या, चांगला सणसणीत झटका होता. अतुलनं धावत जाऊन मेन बंद केला. श्रुती रडायला लागली. मला उठता येईना. माझ्या डोळ्यांपुढं ते पत्र्याचं टेबल.

पारूबाई खाली बसल्या होत्या, हात छातीशी धरून. ओठ पांढरे. पण जाग्या होत्या, श्वास होता.

"फसवलं त्या भाड्यानं!" अतुल ओरडला. "आत्ता नेऊन डोक्यात घालतो त्याच्या!"

त्या हळू म्हणाल्या, "अतुल, दुकानात हीच पेटी, आसंच वलं, ह्योच हात. तितं काय न्हाय झालं. मंजे खोट पेटीत न्हाय. घरात हाय."

हे ऐकलं आणि मला पेटीपेक्षा त्या घराचीच धास्ती वाटायला लागली. आपण ज्यावर बसलोय तीच फरशी, टेकलोय तीच भिंत!

ज्ञानूला बोलावलं. ज्ञानू म्हणजे गुंडूच्या हाताखाली शिकलेला वायरमन, आता त्याचेही केस पिकले होते. त्यानं पेटीची पिन काढून टाकली, मेन चालू केला आणि टेस्टर घेऊन घरभर फिरला. फ्रिजच्या अंगाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला.

श्रुती रोज दहा वेळा तो फ्रिज उघडायची. दाराची मूठ प्लॅस्टिकची आणि खाली पोत्याची घडी, एवढ्यावर पोर वाचत आली होती. पाऊस वाढून ते पोतं भिजलं असतं तर? सोनमनं श्रुतीला माझ्या मांडीवरनं उचललं आणि घट्ट धरून दारातच उभी राहिली.

"फ्रिजच्या मागची वायर उंदरानं खाल्लीया," ज्ञानू म्हणाला. "तितला करंट अर्थिंगच्या वायरीत शिरतोय. तो जमिनीत जायला पायजे, पर जाईना. म्हणून त्याच वायरीनं उलटा ह्या पेटीत आला. काकू, दादांनी अर्थिंगचा खड्डा कुठं काढलाता?"

पारूबाईंनी परसाकडं बोट केलं, धुण्याच्या दगडाकडं.

गुंडूनं घर बांधताना तिथं खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केलं होतं. उन्हाळ्यात त्यात तो रोज दोन घागरी पाणी ओतायचा, ओल टिकली तर करंट जमिनीत मुरतो म्हणून. तो गेल्यावर पारूबाईंच्या मनानं घेतलं की करंट त्या खड्ड्यातच राहतो, नागोबासारखा. म्हणून चार माणसं लावून त्यांनी त्यावर फरशी बसवली आणि फरशीवर धुण्याचा दगड. पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नाही. पोराचा पाय पडू नये म्हणून केलं, आणि तेरा वर्षं घर अर्थिंगवाचून ठेवलं.

हे त्यांना ज्ञानूनं सांगितलं नाही. त्याची हिंमत झाली नाही, माझीही नाही. पण त्यांना कळलं होतं. पावसात पदर खोचून त्या म्हणाल्या, "पहार आणा आण्णा."

मेन बंद करून मी आणि अतुलनं दगड हलवला, फरशी उचकटली. आत कोळशाची कोरडी ठणठणीत भुकटी, आषाढात! वायर ओढली तर गंजून तुकडा हातात आला. दोन दिवस लागले. ज्ञानूनं नवा पाइप पुरला, कोळसा, मीठ, वर पाणी. फ्रिजची वायर बदलली. शंभर वॅटच्या बल्बची एक वायर अर्थिंगला जोडून तपासलं, बल्ब लख्ख पेटला. ज्ञानू म्हणाला, "काकू, आता डोळं झाकून हात लावा."

"डोळं झाकून न्हाय," त्या म्हणाल्या.

अतुल पुढं झाला, "आई, मी लावतो." ज्ञानू म्हणाला, "मी लावतो, माझं कामच हाय." त्यांनी दोघांनाही बाजूला सारलं. मला म्हणाल्या, "पोरीला धरा." सोनमनं श्रुतीला माझ्याकडं दिलं. मी दोन्ही हातांनी धरली, पोर कुरकुरली इतकं घट्ट.

अनवाणी, तांब्यातलं पाणी फरशीवर ओतून, त्यात उभं राहून पारूबाईंनी पेटीला हाताची पाठ लावली. काही झालं नाही. मग फ्रिजला लावली. काही झालं नाही. अतुल खाली बसला आणि तोंड झाकून रडला. त्यानं डोळे पुसून पहिला आवाज लावला तेव्हा पाची स्पीकरांतनं असा खर्ज आला की माझ्या बरगड्या वाजल्या. मी आपला खूश! मनात आलं, जिंकली बाई. म्हणून विचारलं, "काय पारूबाई, गेलं का न्हाय भ्या?"

त्यांनी पदरानं हात कोरडा केला. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही, बघत होत्या त्या फ्रिजकडं. म्हणाल्या,

"भ्या कुठं जातंय आण्णा? तेरा वर्सं मी बटनाला भ्याले, आन मरान फ्रिजच्या अंगाला चिटकून बसलंतं, माझ्याच पोरीची वाट बघत. कशाला भ्यायाचं त्येवढं आता कळलंय. तुमी सोडू नगा तिला एवढ्यात, मी आनी एकडाव हात लावून बघते."